कायदा देशभर एकच, मग गावठी कट्टा धायरीपर्यंत येतो कसा?

शिवणक्लास_धायरी

नमस्कार. प्रश्न जरा लांब आहे, पण महिनाभर डोक्यातून जात नाही म्हणून लिहिते.

मी पुण्यात धायरीला शिवणाचे क्लास घेते. माझा मुलगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या महिन्यात गल्लीतल्याच एका मोठ्या मुलानं त्याला गाठलं आणि म्हणाला, "ही सॅक दोन दिवस तुझ्याकडे ठेव, आमच्याकडे पाहुणे आलेत." माझ्या मुलानं सॅक हातात घेतली. सगळं वजन खालच्या एकाच कोपऱ्यात होतं, म्हणे. त्याला कसंतरी वाटलं. "आई ओरडेल" असं म्हणून त्यानं ती परत दिली. घरी आल्यावर रात्री जेवताना त्यानं हे सांगितलं, तेव्हा मी फारसं मनावर घेतलं नव्हतं.

चार दिवसांनी तीच सॅक दुसऱ्या मुलाच्या घरी सापडली. आत टॉवेलात गुंडाळलेलं पिस्तूल आणि दोन काडतुसं. हा मुलगा वीस वर्षांचा, कुठल्याच टोळीतला नाही, आजवर साधी तक्रारही नाही. त्याची आई माझ्याकडे ब्लाउज शिकायला येते. अजूनही येते. मशीनसमोर बसते, पायडलवर पाय ठेवते आणि तशीच बसून राहते. सुईत दोरासुद्धा ओवत नाही. तासाभरानं उठून जाते.

२०२४च्या जानेवारीत कोथरूडला सुतारदऱ्यात गोळ्या झाडल्या, सप्टेंबरात नाना पेठेत. तेव्हा वाटायचं, हे टोळ्यांचं त्यांच्यात्यांच्यातलं वैर आहे, आपला काय संबंध. आता ते पिस्तूल माझ्या मुलाच्या हातात येऊन गेलंय.

माझे दीर अमेरिकेत असतात. ते म्हणाले, तिकडे प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, म्हणून ढिल्या राज्यातली बंदूक कडक राज्यात जाते. ते पटलं. पण आपल्याकडे तर पूर्ण देशाला एकच शस्त्र कायदा आहे ना? मग इथे फट कुठे आहे? ज्यांना यातलं कळतं त्यांनी कृपया सांगा.

खाकी_निवृत्त

ताई, मुलाला शाबासकी द्या. "आई ओरडेल" या दोन शब्दांनी तो वाचला.

मी पुण्यात, शहर आणि ग्रामीण मिळून, ३१ वर्षं नोकरी करून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. काही वर्षं गुन्हे शाखेत होतो. माझ्या हातून जेवढी पिस्तुलं पकडली गेली, त्यातलं परवान्याचं एकही नव्हतं. सगळा गावठी माल.

तुमचं म्हणणं बरोबर आहे, कायदा एकच आहे. शस्त्र अधिनियम १९५९. राज्यघटनेत शस्त्रं आणि दारूगोळा हा विषय केंद्राच्या यादीत आहे, त्यामुळे महाराष्ट्र किंवा मध्य प्रदेश आपापला बंदूक कायदा करू शकत नाही. पण पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे विषय राज्यांच्या यादीत आहेत. म्हणजे कायदा दिल्लीचा आणि राबवणारे हात राज्याचे. माझ्या अनुभवात फट नेमकी इथेच आहे.

सापळा कसा लागतो ते सांगतो. बातमीदार फोन करतो, अमुक ठिकाणी अमुक शर्टातला पोरगा 'घोडा' (म्हणजे पिस्तूल) घेऊन थांबलाय. आम्ही दोन पंच घेऊन जातो. अंगझडतीत कमरेला पिस्तूल, पँटच्या उजव्या खिशात राऊंड. पंचनामा, मुद्देमाल सीलबंद, गुन्हा आर्म्स ॲक्ट ३ (२५). इथवर सगळं व्यवस्थित होतं. मग आम्ही विचारतो, कुणाकडून आणलं? पोरगा एक टोपणनाव सांगतो आणि एक गाव सांगतो. नव्वद टक्के वेळा गाव राज्याच्या सीमेपलीकडचं. नंबर बंद. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, हे तोही जाणतो.

आता त्या गावी जायचं तर वरिष्ठांची परवानगी, गाडी, माणसं, तिथल्या ठाण्यात नोंद, त्यांचा माणूस सोबत, आरोपी मिळालाच तर तिथल्या कोर्टातून ट्रान्झिट रिमांड, म्हणजे त्याला इकडे आणायची परवानगी. तिथलं ठाणं वाईट असतं असं मी म्हणणार नाही, पण त्यांच्या हद्दीत त्या पिस्तुलानं कुणी मेलेलं नसतं. मेलेला माणूस आमच्या हद्दीतला. त्यांच्या दृष्टीनं ती पिस्तुलं घडवायची एक भट्टी, आमच्या दृष्टीनं ते खुनाचं मूळ. एकच कलम, पण दोन ठाण्यांत त्याचं वजन वेगळं. आम्ही पोरगा पकडायचो, दोषारोपपत्र पाठवायचो आणि 'पाहिजे आरोपी' म्हणून ते टोपणनाव वर्षानुवर्षं कागदावर राहायचं.

एक गोष्ट मात्र लोकांच्या लक्षात येत नाही, ती सांगायचीच आहे. काडतूस हातात घेऊन उलटं करा (कुणी करू नका, मी करायचो म्हणून सांगतो). पितळी बुडावर मधोमध छोटी गोल टोपी असते, तिच्याभोवती अक्षरं ठोकलेली असतात. पंचनाम्यात आम्ही लिहायचो, "पाठीमागील बाजूस इंग्रजीत के एफ ७.६५ असे कोरलेले." के एफ म्हणजे खडकीचा कारखाना. जुन्या इंग्रजी स्पेलिंगमधली किर्की. आपल्याच खडकीची १८६९ सालची दारूगोळा फॅक्टरी. सगळीच काडतुसं तशी नसतात, पण मी अनेकदा ही अक्षरं वाचलीत.

याचा अर्थ लक्षात घ्या. पिस्तूल भट्टीत बनतं. लोखंडी सळई, कानस, ड्रिल आणि हात सफाईदार असला की झालं. चांगलं काडतूस तसं भट्टीत बनत नाही. ते सरकारी कारखान्यात बनतं, परवानाधारक दुकानदाराकडे जातं, तिथून परवानाधारकाच्या नावावर रजिस्टरला चढतं. मग ते विनापरवाना पोराच्या खिशात येतं म्हणजे मधल्या कुठल्यातरी रजिस्टरमध्ये खोटं लिहिलं गेलंय. ती रजिस्टरं दर राज्यात तिथलेच अधिकारी तपासतात, कुठे नियमानं, कुठे सहीपुरती. परराज्यातली भट्टी आमच्या हाताबाहेर होती, रजिस्टरं तर आपल्याच कार्यालयांतली. पिस्तूल कुठून आलं हे आम्ही प्रत्येक आरोपीला विचारलं. काडतूस कुठून आलं हे तितक्या नेटानं विचारलं नाही, याची मला आजही बोच आहे.

केळीच्या_बागा

काकांनी गावाचं नाव घेतलं नाही, मी घेतो, कारण पेपरात येऊन गेलंय. उमर्टी. मी चोपडा तालुक्यातला, जळगाव जिल्हा. सध्या वाकडला असतो.

उमर्ट्या दोन आहेत. नदीच्या अलीकडची महाराष्ट्रात, पलीकडची मध्य प्रदेशात, बडवानी जिल्ह्यात. मागे सातपुडा. उन्हाळ्यात पाणी आटलं की माणूस चपला हातात न घेता नदी ओलांडतो. अलीकडे चोपडा ग्रामीणची हद्द, पलीकडे दुसऱ्या राज्याची. २०२५च्या फेब्रुवारीत आमच्याकडच्या पोलिसांचं पथक कारवाईला गेलं तेव्हा त्यांच्यावर हल्ला झाला आणि एका कर्मचाऱ्याला पलीकडे ओढून नेलं. काही तासांनी त्यांची सुटका झाली. त्या दिवशी आमच्या घरातल्या ग्रुपवर दुसरं काही बोलणंच नव्हतं. मग त्याच वर्षी नोव्हेंबरात पुणे पोलिसांचं शंभरावर माणसांचं पथक थेट पलीकडच्या उमर्टीत गेलं, भट्ट्या तोडल्या, बरेच जण ताब्यात घेतले. पुण्यात पकडलेल्या पिस्तुलांचा माग काढत गेले होते. काका, तुम्ही म्हणता ते 'पाहिजे आरोपी' शोधायला पहिल्यांदा एवढी माणसं गेली असावीत.

पण मला काळजी दुसरीच आहे. तिथे शिकलगार लोक राहतात. पिढ्यान्‌पिढ्या हत्यारं घडवणं आणि धार लावणं हाच धंदा. तलवारी गेल्या, संस्थानं गेली, हातातली कला राहिली. सगळे पिस्तूल करत नाहीत. आमच्या चोपड्याच्या बाजारात कुलपाच्या चाव्या करून देणारे, विळ्याला धार लावणारे शिकलगार मी लहानपणापासून पाहिलेत. एका म्हाताऱ्या बाबांकडे आमच्या घराची चावी करायला गेलो होतो. त्यांनी जुनी चावी न बघता नुसत्या कुलपात तार फिरवून, कान लावून नवी घासली आणि ती पहिल्या फटक्यात लागली. अशा हाताला लेथवर, कारखान्यात काम मिळालं पाहिजे. आपल्या चाकण-भोसरीत असे हात लागतातच की. भट्टी तोडली तर ती आठ दिवसांत पुन्हा पेटते. माणसाला पगार सुरू झाला तर पेटत नाही, असं माझं मत आहे. आणि हे काम दोन राज्यांनी मिळून केल्याशिवाय होणार नाही, कारण आमचं सरकार पलीकडच्या उमर्टीत कारखाना काढू शकत नाही.

जर्सीतला_पुणेकर

ताई, तुमच्या दिरांनी बरोबर सांगितलं. त्यात भर घालतो. मी मूळचा सदाशिव पेठेतला, न्यू जर्सीत चौदा वर्षं.

आमच्या राज्यात हँडगन घ्यायची तर पोलिसांकडे बोटांचे ठसे, ओळखपत्र, आणि प्रत्येक हँडगनसाठी वेगळा परवाना. महिन्याला एकच. देशाचा कायदा एवढं मागत नाही. १९६८चा केंद्रीय कायदा आणि १९९३चा ब्रॅडी कायदा मिळून खरेदीबद्दल मुख्यतः एवढंच म्हणतात, की परवानाधारक दुकानदारानं गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासावी. खाजगी माणसानं खाजगी माणसाला विकली तर केंद्राला ती तपासणी लागत नाही. काही राज्यांनी ती फट स्वतःच्या कायद्यानं बुजवली, काहींनी नाही.

म्हणून पूर्व किनाऱ्याच्या आय-९५ हमरस्त्याला इथे 'लोखंडी पाइपलाइन' म्हणतात. जॉर्जिया, कॅरोलायना, व्हर्जिनियाकडून बंदुका वर न्यूयॉर्क-जर्सीकडे येतात. दुसऱ्या राज्यात जाऊन हँडगन विकत घेणं केंद्रीय कायद्यानं मना आहे, म्हणून तिथल्याच रहिवाशाला पैसे देऊन त्याच्या नावावर घ्यायला लावतात. गंमत वाटेल, पण अशी बेनामी खरेदी हा स्वतंत्र केंद्रीय गुन्हा व्हायला २०२२ साल उजाडावं लागलं. तोवर फक्त फॉर्मवर खोटं लिहिल्याचा खटला चालायचा.

व्हर्जिनियाचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यांनी १९९३ मध्ये महिन्याला एकच हँडगन असा नियम केला. त्यानंतर ईशान्येकडच्या गुन्ह्यांत सापडलेल्या बंदुकांमध्ये व्हर्जिनियातल्या खरेदीचा वाटा स्पष्टपणे घटला. २०१२ मध्ये नियम काढला, २०२० मध्ये परत आणला. म्हणजे एका राज्यानं आपल्या दुकानात नियम केला आणि त्याचा फायदा शेकडो मैलांवरच्या आमच्या गल्लीला झाला. तिथल्या लोकांना मात्र तो फायदा दिसत नाही, म्हणून नियम राहीलच असं नाही. खाकीकाकांनी मध्य प्रदेशातल्या ठाण्याबद्दल जे लिहिलंय ते वाचताना मला हेच आठवलं.

खाकी_निवृत्त

@जर्सीतला_पुणेकर, अगदी हेच. नियम एका ठिकाणी पाळायचा आणि जीव दुसऱ्या ठिकाणचा वाचायचा.

वकील_शिवाजीनगर

मी शिवाजीनगर कोर्टात फौजदारी बाजूला काम करते. वर बरंच बरोबर आलंय, दोन-तीन गोष्टी माझ्याकडून.

पहिली, 'एकच कायदा' हे अर्धंच खरं आहे. शस्त्र कायदा केंद्राचा, पण महाराष्ट्रानं त्याच्याभोवती स्वतःचे कायदे उभे केलेत. टोळ्यांच्या संघटित गुन्हेगारीसाठीचा मोक्का १९९९चा, स्थानबद्धतेचा एमपीडीए १९८१चा. एमपीडीएमध्ये 'धोकादायक व्यक्ती'ची जी व्याख्या आहे त्यात शस्त्र कायद्याचे गुन्हे वारंवार करणारा थेट येतो, आणि अशा माणसाला खटल्याशिवाय एक वर्षापर्यंत स्थानबद्ध करता येतं. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली तडीपारी, दोन वर्षांपर्यंत. नदीपलीकडे यातलं काहीच लागू होत नाही. त्यामुळे हत्यार वापरणारा इथल्या कडक कायद्यात सापडतो आणि बनवणारा बाहेर राहतो.

दुसरी गोष्ट शिक्षेची. २०१९ मध्ये केंद्रानं दुरुस्ती केली. विनापरवाना बनवणं, विकणं, मिळवणं याला पूर्वी तीन ते सात वर्षं होती, आता सात वर्षं ते जन्मठेप. नुसतं बाळगण्याला पूर्वी एक ते तीन, आता दोन ते पाच वर्षं. परवानाधारकाला पूर्वी तीन शस्त्रं ठेवता यायची, आता दोन. हे चांगलं झालं. पण मी कोर्टात जे बघते ते असं, की खटले शिक्षेच्या आकड्यावर पडत नाहीत. खटला भरायला लागणारी कलम ३९ची जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी जोडलेली नसते. पंच फितूर होतात. पिस्तूल चालू स्थितीत होतं की नाही, याचा प्रयोगशाळेचा अहवाल येईस्तोवर साक्षीदाराची बदली झालेली असते. नवीन नागरिक सुरक्षा संहितेत जप्तीचं चित्रीकरण बंधनकारक झालंय, त्यानं पंचांचा प्रश्न कमी व्हावा अशी मला मनापासून आशा आहे. मंजुरीचा कागद मात्र माणसानंच वेळेवर जोडायचा आहे.

तिसरी गोष्ट परवान्यांची. पुणे जिल्ह्यातच परवाना देणारे तीन आहेत. शहरात पोलीस आयुक्त, २०१८ पासून पिंपरी-चिंचवडला वेगळे आयुक्त, आणि ग्रामीणला जिल्हाधिकारी. आयुक्तांनी नाकारलं तर गृह विभागाकडे अपील. तेच देशपातळीवर बघा. जम्मू-काश्मीरमध्ये २०१२ ते २०१६ या काळात दिलेल्या सुमारे पावणेतीन लाख परवान्यांची चौकशी सीबीआयकडे गेली. परराज्यातल्या, तिथे राहतही नसलेल्या लोकांना परवाने दिल्याचा आरोप होता. एका जिल्ह्यातला कारकून ढिला पडला तर परवाना देशभर फिरतो. आता प्रत्येक परवान्याला राष्ट्रीय नोंदणीचा क्रमांक लागतो, तो नसेल तर परवाना ग्राह्य नाही. हे फार आधी व्हायला हवं होतं.

ऑस्ट्रेलियाचा अनुभव इथे बोलका आहे. तिथे बंदूक कायदे राज्यांचेच. पोर्ट आर्थरला एप्रिल १९९६ मध्ये गोळीबारात ३५ माणसं मेली, तेव्हा केंद्रानं राज्यांशी करार करून सगळ्यांचे नियम एका पातळीवर आणले आणि सहा लाखांवर बंदुका विकत घेऊन नष्ट केल्या. तरी संपूर्ण देशाची एक नोंदवही करायचा निर्णय व्हायला २०२३ उजाडलं. आपल्याकडे उलट आहे, कायदा पहिल्यापासून एक, आणि दोन राज्यांच्या पोलिसांमध्ये तसा बांधून घेतलेला करार नाही.

ताई, आता तुमच्या त्या मैत्रिणीच्या मुलाबद्दल. त्याच्यावर नेमकी कोणती कलमं लागलीत ते बघा. नुसतं २५(१ब), म्हणजे बाळगणं, असेल तर पाच वर्षांपर्यंतचा गुन्हा, ६० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर जामिनाचा हक्क. २५(१), म्हणजे बनवणं-विकणं-मिळवणं, लावलं असेल तर मुदत ९० दिवस. आणि सॅक देणाऱ्या मुलाच्या टोळीबरोबर यालाही मोक्का लावला तर १८० दिवसांपर्यंत जाऊ शकते. हा फरक फार मोठा आहे. आणि सॅकमध्ये काय आहे हे त्याला माहीत होतं का, हा मुख्य मुद्दा. सर्वोच्च न्यायालयानं १९७२ सालीच म्हटलंय की बाळगणं हे जाणीवपूर्वक असायला हवं. सॅक कुणी दिली, कधी दिली, त्या दिवशी फोनवर काय बोलणं झालं, हे आत्ताच लिहून काढायला सांगा. फोनमधलं काहीही पुसू नका.

शिवणक्लास_धायरी

सगळ्यांचे आभार. वकीलताई, तुमचं शेवटचं मी तिला वाचून दाखवलं. तिनं दोनदा वाचायला लावलं.

तिच्याकडे पेपरवर २५(१ब) लिहिलंय, मोक्का कुठे नाही. मुलानं त्या दिवशी सॅक देणाऱ्याला मेसेज केला होता, "नेतोस कधी, आई विचारतीये." फोन पोलिसांकडे आहे. वकील करायला पैसे नाहीत. नवरा रिक्षा चालवतो, तीही हप्त्यावर. माझ्या मुलाचा जबाब घेतला तर तिच्या मुलाला उपयोग होईल का? तो द्यायला तयार आहे. मी मात्र घाबरते. ती सॅक देणारी मुलं आमच्याच गल्लीत फिरतात.

वकील_शिवाजीनगर

तो मेसेज त्याच्या बाजूचा आहे. फोन जप्त असेल तर पंचनाम्यात त्याची नोंद आहे ना ते पाहा.

पैशांचं म्हणाल तर कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळणं हा त्याचा हक्क आहे, १९८७च्या विधी सेवा कायद्यानं, उत्पन्न कितीही असो. शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. अटकेचा कागद, एफआयआरची प्रत आणि आईचं आधार घेऊन जा. अर्ज तिथेच लिहून देतात.

तुमच्या मुलाचा जबाब उपयोगी आहे. तीच सॅक, तेच "दोन दिवस ठेव", हे दुसऱ्यानं स्वतंत्रपणे सांगितलं तर फार फरक पडतो. पण त्याला एकट्याला ठाण्यात पाठवू नका. आधी तिच्या मुलाच्या वकिलाशी बोला आणि भीती वाटते हेही त्यांना स्पष्ट सांगा. साक्षीदार संरक्षणासाठी अर्ज करता येतो.

खाकी_निवृत्त

ताई, जबाब द्यायची वेळ आली तर मी सोबत येतो. मला मेसेज करा. सांगवीहून यायला तासभर लागेल.

शिवणक्लास_धायरी

काका, नक्की करेन. उद्या अकरा वाजता आम्ही दोघी शिवाजीनगरला जातोय. मुलगा म्हणतो तोही येणार. कॉलेज बुडलं तर बुडू दे म्हटलं.